मदत हवी आहे: तळहात पालथा होणारा हाताच्या हाडांचा नमुना

यवतमाळकडच्या खेड्यातली शाळा, सातवीचा वर्ग. २०६ हाडांची नावं पाठ करून घेण्यापेक्षा हाड कसं हलतं ते मुलांना दिसावं, म्हणून तुऱ्हाट्यांचा हात करतोय.

खांद्याचा उखळीचा सांधा जमला, नारळाच्या करवंटीत चिंध्यांचा गोळा बसवून. कोपराची बिजागरीही तारेनं झाली. अडलंय कोपराखालच्या दोन हाडांपाशी. तळहात पालथा करताना करंगळीकडचं हाड जवळपास जागेवरच राहतं, अंगठ्याकडचं त्याच्यावरून तिरपं जातं आणि पंजाला सोबत नेतं. (स्वतःचा हात चाचपून बघितला की मुलं थक्क होतात!) पंजा फक्त अंगठ्याकडच्या काडीलाच बांधलाय, त्यामुळे मनगटाची अडचण नाही. पण कोपरापाशी त्या काडीला सायकलच्या ट्यूबचं कडं घातलं, तर घट्ट असताना फिरत नाही आणि सैल केलं की हात वाकवताना काडी निसटते. सुतळीनंही तेच.

तयार सांगाडा किंवा व्हिडिओ सुचवू नका, मुलांनी स्वतः बनवायचंय. बांबू, पऱ्हाटी, तार, जुनी ट्यूब मिळते. टोकदार काही नको.

काडी जागच्या जागी फिरेल आणि कोपरासोबत वाकेलही, असं कडं कशाचं आणि कसं करावं?