तपासाचं बिल आरोपीनं का भरायचं?

तिरकस:
काल इथेच कुणीतरी ठोकून दिलं की खोट्या तक्रारीच्या तपासाचा खर्च वसूल करण्याचा शिकागोचा कित्ता सगळ्या शहरांनी गिरवावा. म्हणजे नेमकं काय? २६ मार्च २०१९ला सरकारी वकिलांनी अमेरिकन अभिनेता जसी स्मॉलेटवरचे, स्वतःवर हल्ला झाल्याची खोटी फिर्याद दिल्याचे आरोप मागे घेतले आणि दोनच दिवसांत शहरानं त्याला पत्र धाडलं: पोलिसांच्या ओव्हरटाइमचे १,३०,१०६ डॉलर सात दिवसांत भरा. खटला नाही, निकाल नाही, थेट बिल! पोलिसांचा पगार करातून जातो ना? मग तपास काय भाड्यानं मिळतो?

रात्रपाळी:
अर्धवट सांगू नका. बिल आरोपी म्हणून नव्हतं, खोटी फिर्याद दिली म्हणून होतं. दोन डझनांहून जास्त पोलीस त्यात गुंतले. तोवर ज्यांना खरोखर मार बसला त्यांच्या तक्रारी कोण बघत होतं?

काळा कोट:
आणि ती खोटी होती हे मार्च २०१९मध्ये ठरवलं कुणी? ज्याला पैसे हवेत त्यानंच! पुन्हा भरलेल्या खटल्यात ज्यूरीनं दोषी ठरवलं ते डिसेंबर २०२१ला.

रात्रपाळी:
ठरवलं ना शेवटी? न्यायाधीशांनी १,२०,१०६ भरायलाही सांगितलं. आरोप मागे घेतले तेव्हा त्यानं सोडून दिलेले जामिनाचे दहा हजार वजा करून. हिशेब चोख.

काळा कोट:
तो चोख हिशेब इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ला रद्द केला. निर्दोष म्हणून नव्हे, २०१९ला आरोप मागे घेतानाचा समझोता सरकारनं मोडला म्हणून, हे मान्य. पण शिक्षाच उरली नाही.

वहीखाते:
मुद्दा भलताच आहे. पोलीस चुकले तर बिल कुणाला? माझ्या भावावर मालकानं चोरीचा आळ घेतला. तीन वर्षं तारखा, वकिलाची फी, आईचे दागिने गेले. सुटला. "चुकलं" म्हणायलाही कुणी आलं नाही.

रात्रपाळी:
वाईट झालं. पण त्याचा इथे काय संबंध?

वहीखाते:
संबंध नाही? अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात शिक्षा रद्द झाली तरी शिक्षेपोटी भरलेले पैसे परत हवे असतील तर आधी निर्दोषत्व सिद्ध करा, असा कायदा होता. २०१७मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं तो मोडीत काढला. घेताना नुसता संशय पुरतो, देताना पुरावा लागतो!

तिरकस:
याच शिकागोनं पोलीस कमांडर बर्जच्या छळाच्या बळींसाठी २०१५मध्ये ५५ लाख डॉलर मंजूर केले. कुणाच्या खिशातून? करदात्यांच्या. तेव्हा बर्जला नाही धाडलं सात दिवसांचं पत्र.

रात्रपाळी:
झालं, आता सगळे पोलीस राक्षस! माझे वडील खात्यात होते. दिवाळी असो की आमचा वाढदिवस, ताट झाकून ठेवलेलं असायचं. तो वेळ कुणी थापा मारून खाल्ला तर त्यानं भरू नये?

काळा कोट:
भरावा, कोर्टानं सांगितल्यावर. शहराच्या पत्रानं नव्हे.

रात्रपाळी:
बरं, निकालानंतर बिल. घ्या, जिंकलात. वकिलांचीही दिवाळी झाली.

तिरकस:
शेवटी शहराला काय मिळालं तेही ऐका. शहरानं वसुलीसाठी लावलेल्या दाव्यात २०२५मध्ये तडजोड, स्मॉलेटनं पन्नास हजार एका संस्थेला दान दिले. तडजोडीतून तिजोरीत भोपळा. आणि सहा वर्षांच्या वकिली खर्चाचं बिल कुणाला लावायचं, रात्रपाळी?