शब्दचर्चा : कॉर्पस, कॅरी, लिव्हरेज आणि ‘कुंपण निधी’

टाचण :
शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिच्या पर्यायी गुंतवणूक निधी विनियम, २०१२ वर मराठीत टिपणं तयार करायची आहेत. हे निधी (एआयएफ) म्हणजे गुंतवणूकदारांकडून खासगीरीत्या पैसे घेऊन ते गुंतवणारे निधी. वाचक वाणिज्य शाखेचे, पण या क्षेत्राला नवे. पाच जागी अडलंय : कॉर्पस, स्पॉन्सर आणि मॅनेजर, कंटिन्युइंग व कॅरिड इंटरेस्ट, लिव्हरेज आणि खुद्द हेज फंड. हाताशी असलेल्या मसुद्यात ‘सततचे व्याज’, ‘वाहून नेलेले व्याज’ आणि ‘कुंपण निधी’ असे शब्द आहेत. हे ठेवण्यासारखे नाहीत एवढं कळतं. मग काय घ्यावं?

खतावणी :
दोन्ही ‘व्याजं’ आधी काढून टाका. इथे इंटरेस्ट म्हणजे हितसंबंध किंवा वाटा. व्याजाचा काडीचाही संबंध नाही.

कंटिन्युइंग इंटरेस्ट म्हणजे प्रायोजकाने किंवा व्यवस्थापकाने योजनेत स्वतःचे पैसे घालायचे आणि योजना चालू असेपर्यंत ते तिथेच ठेवायचे. सेबीने या निधींचे तीन प्रवर्ग केलेत, हेज फंड तिसऱ्यात येतो. प्रवर्ग १ आणि २ मध्ये कॉर्पसच्या (गुंतवणूकदारांनी कबूल केलेल्या एकूण रकमेच्या) २.५ टक्के किंवा ५ कोटी रुपये, यातली कमी असेल ती रक्कम. प्रवर्ग ३ मध्ये ५ टक्के किंवा १० कोटी, यातली कमी. म्हणजे प्रवर्ग २ ची योजना १०० कोटींची असेल तर अडीच कोटी. ४०० कोटींची असेल तर टक्केवारीने १० कोटी होतात, पण ५ कोटींवर भागतं. व्यवस्थापन शुल्क माफ केलं आणि तीच आमची गुंतवणूक धरा, असं म्हणता येत नाही. खरे पैसे आणावे लागतात. ‘सततचे व्याज २.५ टक्के’ वाचलं की वाचक समजणार, प्रायोजकाला दरसाल अडीच टक्के मिळतात. अर्थ थेट उलटा झाला. मी ‘प्रायोजकाची स्वगुंतवणूक’ लिहीन.

उभाआडवा :
स्वगुंतवणूक पटलं. कॅरिड इंटरेस्टला, म्हणजे नफ्यातल्या व्यवस्थापकाच्या वाट्याला, मात्र ‘नफावाटा’ म्हणा आणि कंसात ‘कॅरी’. व्यवहारात सगळे कॅरीच म्हणतात. त्याला ‘शुल्क’ म्हणू नका, कारण व्यवस्थापन शुल्क वेगळं असतं आणि ते नफा होवो न होवो द्यावंच लागतं.

त्याच्यासोबत ‘हर्डल’ आणि ‘कॅच-अप’ही समजवावे लागतील, नाहीतर नफावाटा अर्धवट राहील. हर्डल म्हणजे गुंतवणूकदारांना आधी मिळायचा परतावा, तोवर व्यवस्थापकाला वाटा नाही. कॅच-अप म्हणजे त्यानंतर व्यवस्थापकाचा वाटा ठरल्या टक्क्यांपर्यंत आणणारा टप्पा. आकडे घेऊ. गुंतवणूकदारांचे १०० कोटी, वर्षाचा नफा ३० कोटी, हर्डल १० टक्के, नफावाटा २० टक्के.

कॅच-अप नसेल तर पहिले १० कोटी गुंतवणूकदारांचे. उरलेल्या २० कोटींचे २० टक्के, म्हणजे ४ कोटी व्यवस्थापकाचे.

पूर्ण कॅच-अप असेल तरी पहिले १० कोटी गुंतवणूकदारांचेच. मग पुढचे अडीच कोटी सगळे व्यवस्थापकाला, म्हणजे तोवरच्या साडेबारा कोटींत त्याचा वाटा २० टक्क्यांवर येतो. उरलेल्या साडेसतरा कोटींतले साडेतीन कोटी त्याचे. एकूण ६ कोटी.

हर्डल तोच, टक्केवारीही तीच, तरी २ कोटींचा फरक. हर्डलला ‘किमान परतावा दर’ म्हणायचा मोह होईल, पण ‘किमान’ शब्दाला हमीचा वास येतो आणि इथे हमी कसलीच नसते. ‘उंबरठा दर’ चालेल. कॅच-अपला ‘भरपाई’ नको. कोणाचं नुकसान झालेलंच नाही. ‘बरोबरीचा टप्पा’ बरा.

टाचण :
‘उंबरठा दर’ आवडला. कॉर्पसला ‘जमा निधी’ चालेल का?

खतावणी :
नाही. यावर जरा थांबावं लागेल, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

विनियमांत कॉर्पस म्हणजे गुंतवणूकदारांनी लेखी कराराने द्यायचं कबूल केलेली एकूण रक्कम. जमा झालेली नव्हे. एखाद्याने ४ कोटींचा करार केला आणि व्यवस्थापकाने पहिल्या मागणीत २५ टक्के मागवले, तर खात्यात १ कोटी येतो, पण कॉर्पसमध्ये ४ कोटी धरले जातात. या मागणीला ड्रॉडाउन म्हणतात. (शेअरबाजारात सौदे करणाऱ्यांचा ‘ड्रॉडाउन’ वेगळा : शिखरापासून झालेली घसरण. प्रवर्ग ३ च्या टिपणात दोन्ही अर्थ एकाच पानावर येऊ शकतात, म्हणून पहिल्याला ‘रक्कम-मागणी’ आणि दुसऱ्याला ‘घसरण’ लिहा.)

योजनेचा कॉर्पस किमान २० कोटी हवा, तो कबूल रकमेचा. वरची स्वगुंतवणूकही याच आकड्यावर मोजतात. मग ‘गुंतवणूकयोग्य रक्कम’ येते : कॉर्पसमधून पूर्ण मुदतीचा अंदाजित प्रशासन आणि व्यवस्थापन खर्च वजा करून. प्रवर्ग १ आणि २ च्या निधीला एका कंपनीत २५ टक्क्यांहून जास्त घालता येत नाही, ते टक्के या वजा केलेल्या आकड्यावर. २०० कोटींच्या कॉर्पसमधून २४ कोटी खर्च धरला तर १७६ कोटी उरतात आणि एका कंपनीची मर्यादा ४४ कोटी होते. ‘जमा निधी’ समजून नुसत्या आलेल्या ५० कोटींवर हिशेब केला, तर मर्यादा साडेबारा कोटी निघेल. ‘कबूल निधी’ म्हणा. शब्द साधा आहे, पण चूक होऊ देत नाही.

उभाआडवा :
स्पॉन्सर म्हणजे प्रायोजक, ठीक. कार्यक्रमाच्या फलकावरचा प्रायोजक डोळ्यांसमोर येतो खरा, पण आता शब्द रुळलाय. निधी उभा करतो तो प्रायोजक, पैसा चालवतो तो व्यवस्थापक. दोन्ही एकच संस्था असू शकते. खरी गफलत ‘व्यवस्थापक’ शब्दात आहे. म्युच्युअल फंडात फंड मॅनेजर ही व्यक्ती असते. इथे व्यवस्थापक बहुधा कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित दायित्व भागीदारी) असते आणि निर्णय घेणारी माणसं म्हणजे तिचा ‘प्रमुख गुंतवणूक चमू’. टिपणात ‘व्यवस्थापकाने राजीनामा दिला’ असं वाक्य आलं तर समजा, गडबड झाली.

काथ्याकूट :
एक उपप्रश्न. युरोपातही हेच का?

उभाआडवा :
तिथे लगाम दुसरीकडे आहे. आपल्याकडे सेबी निधीची नोंदणी करते, युरोपीय संघाच्या २०११ च्या निर्देशात परवाना व्यवस्थापकाला लागतो. म्हणून तिथल्या मजकुराचं भाषांतर करताना ‘पर्यायी निधींचे नियमन’ न म्हणता ‘पर्यायी निधी व्यवस्थापकांचे नियमन’च म्हणावं.

खतावणी :
आता लिव्हरेज, म्हणजे हाती असलेल्या पैशापेक्षा मोठे सौदे करणं. ‘कर्जबळ’, ‘उसना पैसा’ दोन्ही अपुरे, कारण एक रुपयाही कर्ज न घेता लिव्हरेज तयार होतं. प्रवर्ग ३ च्या एका योजनेचं निव्वळ मालमत्ता मूल्य १०० कोटी धरा. रोखीच्या बाजारातले शेअर ९० कोटी, फ्युचर्सची (पुढच्या तारखेच्या सौद्यांची) खरेदी ६० कोटी, फ्युचर्सची विक्री ८० कोटी. विक्री वजा करायची नाही, मिळवायची. बेरीज २३०, म्हणजे २.३ पट. मर्यादा २ पट, आणि ती योजनानिहाय. त्या ८० कोटींपैकी नियमांत बसणारं खरं हेजिंग (दुसऱ्या सौद्याची जोखीम झाकणारा सौदा) जेवढं असेल तेवढंच वजावटीला घेता येतं. नवशिके इथेच फसतात. सरसकट खरेदीतून विक्री वजा करून ७० कोटी दाखवतात.

मर्यादा ओलांडली तर त्याच दिवशी कस्टोडियनला (रोखे सांभाळणाऱ्या संस्थेला) कळवायचं, दुसऱ्या कामकाजाच्या दिवसाअखेर जादा सौदे मिटवायचे. प्रवर्ग १ आणि २ ना असं लिव्हरेज नाहीच. तात्पुरत्या गरजेसाठी उसनवारी, तीही ३० दिवसांपर्यंत, वर्षातून चार वेळा आणि गुंतवणूकयोग्य रकमेच्या १० टक्क्यांपर्यंत. तिथे ‘उसनवारी’ हाच बरोबर शब्द.

हिंदीतलं ‘उत्तोलन’ मराठीत कोणी बोलत नाही. ‘लिव्हरेज’ ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘मालमत्ता मूल्याच्या तुलनेत एकूण सौद्यांचा पट’ असा खुलासा द्या.

काथ्याकूट :
आणि ‘कुंपण निधी’?

उभाआडवा :
१९४९ साली आल्फ्रेड विन्स्लो जोन्स यांनी काही शेअर खरेदी आणि काही आगाऊ विक्री (उसने घेतलेले शेअर विकणं) अशी जोडी लावून निधी चालवला. बाजाराच्या चढउताराचा मार कमी बसावा हा हेतू. त्या अर्थाने कुंपण (इंग्रजीत हेज) होतं. सेबीच्या व्याख्येत मात्र जोखीम कमी करण्याचा उल्लेखच नाही : विविध किंवा गुंतागुंतीच्या व्यापारपद्धती वापरणारा, डेरिव्हेटिव्हसह (फ्युचर्ससारख्या सौद्यांसह) नाना जोखमींच्या रोख्यांत उलाढाल करणारा निधी, एवढंच. ‘कुंपण’ लिहिलं तर वाचकाला सुरक्षित वाटेल. ‘हेज फंड’ तसंच राहू द्या.

टाचण :
घेतलं. मग सगळीकडे ‘फंड’च लिहू की ‘निधी’?

खतावणी :
एआयएफसाठी नुसतं ‘निधी’ टाळा. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ४०६ खाली ‘निधी’ नावाचा कंपन्यांचा वेगळाच प्रकार आहे. तो सभासदांकडूनच ठेवी घेतो आणि त्यांनाच कर्ज देतो. पहिल्या उल्लेखात ‘पर्यायी गुंतवणूक निधी’ पूर्ण लिहा, पुढे ‘एआयएफ’. मर्यादा सांगताना ‘निधी’ऐवजी ‘योजना’ लिहा, कारण कमाल १,००० गुंतवणूकदार, किमान २० कोटी आणि लिव्हरेजची २ पट हे तिन्ही योजनेला लागू आहेत. नोंदणी तेवढी निधीची. ‘विनियम’ तसाच ठेवा. ‘नियम’ लिहिलंत तर ते केंद्र सरकारने केलेले वाटतील, हे सेबीचे आहेत.