काळा धूर: नोझल खोलण्याआधी पंखा बघा

लाँचचं डिझेल इंजिन काळा धूर का सोडतं, या प्रश्नावर ‘नोझल (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) गेलं’ असं दोघांनी ठामपणे लिहिलंय. गेलंही असेल, पण खोलायच्या आधी पंख्याला, म्हणजे पाण्याखालच्या प्रोपेलरला, हात लावून बघा, पैसे लागत नाहीत. आमची लाँच बामणोलीला, कोयनेच्या बॅकवॉटरमध्ये चालते. मागच्या मे महिन्यात पूर्ण रेस दिली तरी इंजिन उचलेना, मागून काळाकुट्ट धूर आणि पायाखालच्या फळ्या थरथरतायत. मिस्त्रीने नोझल साताऱ्याहून तपासून आणलं, पंपही बघितला. पैसे गेले, धूर तसाच! शेवटी इंजिन बंद करून भाचा पाण्यात उतरला, तर शाफ्टवर (पंखा फिरवणाऱ्या दांड्यावर) नायलॉनच्या जाळ्याचा नारळाएवढा गोळा. उष्णतेने वितळून इतका घट्ट बसला होता की विळ्याने तासून काढावा लागला.

पंखा जड झाला की इंजिनचे फेरे कमी होतात, गव्हर्नर (फेरे सांभाळणारा भाग) डिझेल वाढवतो, हवा मात्र तेवढीच. न जळलेलं डिझेल काजळी होऊन बाहेर येतं. न्यूट्रलला धूर नाही, गिअर टाकल्यावरच येतो आणि सोबत थरथर असेल, तर पहिला संशय पंख्यावरच घ्या. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुने बांध, झाडांचे बुंधे वर येतात, त्यांना लागून पातं वाकलं तरी थरथर सुटते. आणि जाळं काढल्यावर ग्लँड (शाफ्ट बाहेर जातो तिथलं, पाणी अडवणारं दोरी भरलेलं बूच) विसरू नका. शाफ्ट फिरताना थेंब थेंब पाणी यायला हवं. धार लागली तर ग्लँडचा नट अगदी पाव फेराच आवळा, कोरडं केलंत तर आतली दोरी जळते.