लॅपटॉपच्या ग्राफिक्स कार्डाचे ओव्हरक्लॉकिंग आणि ड्रायव्हरवर येणारा ठपका

धागाकर्ता:

लॅपटॉपमधील ग्राफिक्स कार्डाचे ओव्हरक्लॉकिंग करू नये, म्हणजे त्याचा क्लॉक (चिपचा कामाचा वेग) निर्मात्याने ठरवला त्यापेक्षा वाढवू नये, या मतापर्यंत मी स्वतःच्या अनुभवातून आलो आहे. ज्यांचे मत वेगळे आहे त्यांनी ते कारणांसह मांडावे, अशी विनंती आहे.

पहिला मुद्दा विजेचा आहे. लॅपटॉपमधील कार्डाने किती वॅट घ्यायचे हे निर्माता आधीच ठरवून देतो आणि ती मर्यादा सहसा आपल्याला बदलता येत नाही. एनव्हिडिया कंपनीची आरटीएक्स ३०६० या एकाच नावाची चिप एखाद्या पातळ लॅपटॉपमध्ये ६० वॅटवर, तर जाड लॅपटॉपमध्ये ११५ वॅटवर चालते, आणि नाव तेच असूनही दोन्हींच्या वेगात डोळ्यांना जाणवेल इतका फरक पडतो. ही मर्यादा गाठली की कार्ड आपोआप क्लॉक खाली आणते. मग क्लॉक वाढवणाऱ्या ॲपमधील स्लायडर १५० मेगाहर्ट्झने पुढे सरकवून हाती काय लागणार?

दुसरा मुद्दा उष्णतेचा. बहुतेक लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांची उष्णता वाहून नेणाऱ्या तांब्याच्या नळ्या सामाईक असतात, त्यामुळे एक तापला की दुसऱ्याच्या वाट्याचे थंडावणे कमी होते.

तिसरा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. माझ्या लॅपटॉपचा पडदा खेळताना क्षणभर काळा होऊन परत येत असे आणि ड्रायव्हरने (कार्ड आणि विंडोज यांना जोडणाऱ्या सॉफ्टवेअरने) प्रतिसाद देणे थांबवल्याचा संदेश दिसत असे. मी तीन आठवड्यांत पाच वेळा ड्रायव्हर बदलला, दोनदा तर सेफ मोडमध्ये जाऊन डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलरने जुन्या ड्रायव्हरचा मागमूसही ठेवला नाही, तरी दोष कायम राहिला. शेवटी लक्षात आले की क्लॉक बदलण्याचे आफ्टरबर्नर हे ॲप विंडोजबरोबरच सुरू होत होते आणि मी कित्येक महिन्यांपूर्वी दिलेला वाढीव क्लॉक प्रत्येक नव्या ड्रायव्हरवर पुन्हा लादत होते. तो शून्यावर आणताच तक्रार थांबली. ज्या वाढीचा लाभ मोजताही येत नाही, तिच्यापायी इतका वेळ घालवणे मला मान्य नाही.

प्रतिसाद १:

आपला तिसरा मुद्दा मोलाचा आहे. पहिला मात्र तांत्रिकदृष्ट्या चुकीचा आहे आणि तो सर्वत्र इतक्या वेळा सांगितला जातो की त्याचे सविस्तर उत्तर देणे आवश्यक वाटते.

२०१२ मध्ये केप्लर या चिपच्या पिढीबरोबर जीपीयू बूस्ट ही क्लॉक आपोआप वरखाली करणारी सोय आली, तेव्हापासून एनव्हिडियाचे कार्ड एका ठरावीक क्लॉकवर चालत नाही. कोणत्या व्होल्टेजला किती क्लॉक द्यायचा याचा एक आलेख चिपबरोबर येतो आणि वॅट, तापमान व व्होल्टेज या तिन्हींपैकी जी मर्यादा आधी लागेल तिच्यानुसार कार्ड त्या आलेखावर वरखाली सरकत राहते. आपण स्लायडरने १५० मेगाहर्ट्झ वाढवतो, तेव्हा व्होल्टेज वाढत नाही. संपूर्ण आलेख वर उचलला जातो, म्हणजे त्याच व्होल्टेजला आपण चिपकडून जास्त क्लॉक मागतो.

आता ८० वॅटची मर्यादा धरू. समजा, या मर्यादेत आपले कार्ड ८०० मिलिव्होल्टला १५०० मेगाहर्ट्झवर स्थिर होत होते. आलेख वर उचलल्यावर ८०० मिलिव्होल्टला १६५० होतील, पण तितकी वीज उपलब्ध नाही, म्हणून कार्ड आलेखावर थोडे खाली, समजा ७७५ मिलिव्होल्टला, १६०० मेगाहर्ट्झवर येईल. चिपला लागणारी वीज साधारणपणे व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि क्लॉकच्या गुणाकाराप्रमाणे बदलते. हा गुणाकार दोन्ही वेळा करून पाहावा, तो जवळजवळ तितकाच येतो. वॅट तेवढेच, उष्णता तेवढीच, आणि क्लॉक मात्र १०० ने अधिक. म्हणजे जेथे वॅटची मर्यादा कडक आहे तेथेच ही पद्धत जास्त उपयोगी पडते. लोक ज्याला अंडरव्होल्टिंग (त्याच क्लॉकसाठी कमी व्होल्टेज देणे) म्हणून सुरक्षित समजतात आणि ज्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणून घाबरतात, ती एनव्हिडियाच्या कार्डावर एकाच आलेखाची दोन नावे आहेत.

आणखी एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. २०१५ च्या सुरुवातीला एनव्हिडियाने ९००एम मालिकेच्या लॅपटॉप कार्डांवर ड्रायव्हरमधूनच क्लॉक वाढवणे बंद केले होते. ग्राहकांनी तीव्र नाराजी व्यक्त केल्यावर कंपनीने माघार घेतली आणि मार्चमधील ड्रायव्हरपासून ती सोय परत दिली. हा अधिकार मागून मिळवलेला आहे आणि तो वापरूच नये असे सरसकट सांगणे मला पटत नाही.

प्रतिसाद २:

वरील गणित बरोबर आहे, पण त्या गणितातले १०० मेगाहर्ट्झ कोठून आले हे त्यात सांगितलेले नाही. निर्मात्याने त्या व्होल्टेजला १५०० च क्लॉक ठेवला, कारण त्याला एकाच साच्यातून निघालेल्या सर्व चिप्स, अगदी सर्वांत दुबळीसुद्धा, पूर्ण तापलेल्या अवस्थेत आणि काही वर्षे वापरून झाल्यावरही चालवायच्या असतात. वापराने ट्रान्झिस्टर हळूहळू मंदावतात आणि त्याच क्लॉकसाठी त्यांना थोडे अधिक व्होल्टेज लागू लागते. आलेखातील मोकळी जागा त्यासाठी राखलेली असते. आपण ती आजच खर्च केली, तर आज स्थिर वाटणारे कार्ड वर्षभराने अडखळू लागेल, आणि तोपर्यंत आपण काय बदलले होते हे आपण विसरलेलो असू. धागाकर्त्यांच्या बाबतीत नेमके हेच झालेले दिसते.

उष्णतेच्या बाबतीतही मी सावध राहीन. २००८ च्या जुलैमध्ये एनव्हिडियाला लॅपटॉपमधील सदोष चिप्सच्या दुरुस्तीसाठी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर करावी लागली होती. चिप आणि तिच्या बैठकीला जोडणारे साहित्य वारंवार तापण्या-निवण्याने दगा देत होते. तो दोष साहित्याचा होता, ओव्हरक्लॉकिंगचा नव्हता, हे मी स्पष्ट सांगतो. पण बंदिस्त जागेत तापमानाचे चढउतार चिपवर किती परिणाम करतात, हे त्यातून दिसले होते. डेस्कटॉपचे कार्ड बिघडले तर ते काढून दुसरे बसवता येते. लॅपटॉपमध्ये ते बहुधा मदरबोर्डवरच जोडलेले असते.

धागाकर्ता:

पहिल्या प्रतिसादातील गणित मी करून पाहिले आणि माझे विधान मी मागे घेतो. वॅटची मर्यादा असताना क्लॉक वाढवणे निरुपयोगी नसते. पण त्याच स्पष्टीकरणातून माझ्या तक्रारीचे कोडेही सुटले आणि ते येथे मांडणे गरजेचे आहे.

मी क्लॉक वाढवला तेव्हा तासभर जड चाचणी चालवली होती आणि ती निर्विघ्न पार पडली होती. प्रत्यक्षात पडदा काळा होत असे तो जड प्रसंगांत नव्हे, तर एखाद्या हलक्या जुन्या खेळात किंवा मेनूमध्ये. आता कारण कळते. जड चाचणीत वॅटची मर्यादा कार्डाला आलेखाच्या खालच्या भागात दाबून ठेवते. हलक्या कामात वीज शिल्लक असल्याने कार्ड आलेखाच्या टोकाला जाते, आणि टोकाकडचा वाढीव क्लॉक आपण कधी तपासलेलाच नसतो. लॅपटॉपवर जड चाचणी पार पडणे म्हणजे स्थिरता सिद्ध होणे नव्हे, हे मला कोणी आधी सांगितले असते तर ते तीन आठवडे वाचले असते.

ज्या संदेशामुळे मी ड्रायव्हरच्या मागे लागलो तोही नीट समजून घेतला पाहिजे. कार्डाने दिलेले काम सुमारे दोन सेकंदांत संपवले नाही किंवा सोडले नाही, तर विंडोज ड्रायव्हर पुन्हा सुरू करते. ही व्यवस्था व्हिस्टापासून आहे आणि विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीत ती ४१०१ या क्रमांकाने नोंदली जाते. त्या नोंदीत ड्रायव्हरचे नाव असते, कारण मात्र नसते. अस्थिर क्लॉक, कमी पडणारा अडॅप्टर, खरोखर सदोष ड्रायव्हर, या तिन्हींत नोंद तीच दिसू शकते. म्हणून ड्रायव्हर बदलण्याआधी क्लॉक शून्यावर आणावा, हा माझा आग्रह मी सोडणार नाही.

प्रतिसाद ३:

हा आग्रह योग्य आहे, पण ड्रायव्हरला निर्दोष ठरवण्याच्या टोकाला आपण जाऊ नये. मार्च २०१० मध्ये एनव्हिडियाचा १९६.७५ हा ड्रायव्हर पंख्यांच्या नियंत्रणातील दोषामुळे मागे घ्यावा लागला होता. एप्रिल २०२५ मधील ५७६.०२ नंतर संगणक स्लीपमधून उठला की निरीक्षणाच्या साधनांत तापमानाचा आकडा अडकून राहत असे आणि त्यासाठी ५७६.१५ ही तातडीची दुरुस्ती द्यावी लागली. क्लॉक वाढवणाऱ्याने ज्या आकड्यावर विसंबायचे तोच जर गोठलेला असेल, तर त्याची सगळी सावधगिरी व्यर्थ जाते. म्हणून स्लीपमधून उठल्यावर तापमान खरोखर हलते आहे का, हे मी प्रत्येक नव्या ड्रायव्हरनंतर पाहतो.

लॅपटॉपमध्ये आणखी एक गुंता आहे आणि धाग्यात तो अद्याप आलेला नाही. २०१० मध्ये एनव्हिडियाची ऑप्टिमस ही दोन ग्राफिक्समध्ये काम वाटणारी पद्धत आल्यापासून अनेक लॅपटॉपमध्ये पडदा प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्सला जोडलेला असतो. मोठे कार्ड चित्र तयार करते आणि अंगभूत ग्राफिक्स ते पडद्यावर पोहोचवते. पडदा काळा झाला की सगळे मोठ्या कार्डाचा ड्रायव्हर पुसतात, आणि दोष अंगभूत ग्राफिक्सच्या ड्रायव्हरमध्ये असू शकतो याकडे कोणी पाहत नाही. बाहेरचा पडदा थेट मोठ्या कार्डाच्या पोर्टला जोडून पाहिला, किंवा लॅपटॉपमध्ये मक्स स्विच (पडदा थेट मोठ्या कार्डाला जोडणारी सोय) असल्यास तो बदलून पाहिला, तर दोष कोणत्या बाजूला आहे ते पाच मिनिटांत कळते.

शिवाय आपण क्लॉक शून्यावर आणला असे मानतो तेव्हा तो खरोखर शून्यावर असतोच असे नाही. काही निर्मात्यांच्या स्वतःच्या नियंत्रण ॲपमध्ये टर्बो पद्धत निवडली की क्लॉक परस्पर थोडा वाढवला जातो. ती पद्धतही तपासणीच्या काळात बंद हवी.

प्रतिसाद १:

कार्डाच्या मेमरीच्या क्लॉकविषयी थोडक्यात लिहितो, कारण तेथे फसगत वेगळ्या प्रकारची होते. जीडीडीआर५ या मेमरीच्या प्रकारापासून डेटाच्या वाहतुकीत चूक ओळखण्याची सोय आहे आणि चुकलेला डेटा पुन्हा पाठवला जाऊ शकतो. त्यामुळे मेमरीचा क्लॉक फार वाढवला तर लॅपटॉप बंद पडेलच असे नाही. आकडा वाढत राहतो आणि दर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम मात्र कमी होऊ लागतात. प्रत्येक वाढीनंतर एकाच दृश्यातील फ्रेम मोजल्याशिवाय मेमरीला हात लावू नये.

दुसऱ्या प्रतिसादातील आक्षेप मी अंशतः मान्य करतो. चिप मंदावते हे खरे आहे, पण तिच्या मंदावण्याला व्होल्टेज आणि तापमान हे दोन मोठे घटक वेग देतात. मी आलेख ८०० मिलिव्होल्टच्या पुढे सपाट करतो, म्हणजे त्यापुढे क्लॉक वाढू देत नाही. त्यामुळे माझे कार्ड आलेखाच्या टोकाला जातच नाही आणि धागाकर्त्यांना हलक्या खेळात आलेली अडचणही टळते. राखीव जागा मी वापरतो हे खरे, पण त्याच वेळी झीजही कमी करतो.

प्रतिसाद २:

आलेख सपाट करण्याला माझा विरोध नाही. माझा विरोध आहे तो संपूर्ण आलेख उचलून तसाच सोडून देण्याला, आणि बहुतेक लोक स्लायडरने तेवढेच करतात. आपली पद्धत सुचवताना तिच्याबरोबर आपल्या कार्डाची वॅट मर्यादा आणि ड्रायव्हरची आवृत्तीही लिहावी, अशी माझी विनंती राहील. ६० वॅटच्या कार्डावरचा आकडा ११५ वॅटच्या कार्डावर कोणी जसाच्या तसा उतरवला, तर त्यातून निष्पन्न होणाऱ्या तक्रारीसाठी पुन्हा ड्रायव्हरच धारेवर धरला जाईल.

धागाकर्ता:

मी आज कार्डाचा क्लॉक ८०० मिलिव्होल्टला १०० मेगाहर्ट्झने वाढवून त्यापुढचा आलेख सपाट केला आहे आणि विंडोजबरोबर आफ्टरबर्नर सुरू होणे बंद ठेवले आहे, म्हणजे पडदा पुन्हा काळा झालाच तर लॅपटॉप नुसता बंद करून सुरू केल्यावर मी मूळ स्थितीत असेन. या वेळी जड चाचणी शेवटी घेईन. त्याआधी जो जुना खेळ बंद पडत होता तोच दोन आठवडे खेळेन, मध्येमध्ये लॅपटॉप स्लीपमध्ये टाकून उठवेन, आणि ४१०१ ची एकही नोंद आली तरी तारखेसह ती येथे लिहीन.