हॉटेलातील यंत्रमानवांना विरोध म्हणजे कामचुकारपणा का?

हाउसकीपिंगवाला : "यंत्रमानव आले की कामचुकारांचे धाबे दणाणते," असे काल येथे एका सदस्याने लिहिले. बावीस वर्षे हाउसकीपिंगमध्ये काढलेल्या माणसाला हे वाचून गप्प बसवत नाही. जपानमध्ये सासेबोला २०१५ साली सुरू झालेल्या 'हेन ना हॉटेल'ने २४३ यंत्रमानवांपैकी निम्म्याहून अधिक काढून टाकल्याची बातमी २०१९च्या जानेवारीत आली. खोलीतील 'चुरी' ही बोलकी बाहुली पाहुण्याचे घोरणे म्हणजे प्रश्न समजून त्याला रात्री जागे करीत असे आणि बिघडलेल्या यंत्रांमागे धावता धावता कर्मचाऱ्यांचे काम वाढत असे. त्या कर्मचाऱ्यांनाही तुम्ही कामचुकार म्हणणार का?

फ्रंट ऑफिस, पुणे : आपण एकच फसलेले उदाहरण उचलले आहे. ते हॉटेल बंद पडले नाही, उलट त्याच नावाची हॉटेले इतर शहरांत निघाली. रात्री दोन वाजता टॉवेल मागवला गेला आणि तो यंत्राने पोहोचवला, तर पोराचे पाय वाचतात. यात कोणाचे काय बिघडले?

हाउसकीपिंगवाला : पोराची टिप बुडते. कॅलिफोर्नियातील कुपर्टिनोच्या एका हॉटेलात २०१४ साली 'बॉटलर' नावाचे यंत्र खोल्यांपर्यंत वस्तू पोहोचवू लागले, तेव्हा पाहुण्यांनी टिपेऐवजी ट्वीट करावे असे सुचवण्यात आले होते. ट्वीटने घरभाडे भरता येत नाही.

दादरकर : टिपेचे एवढे कौतुक कशाला? माझे वडील एका लॉजवर वेटर होते. पाहुण्याने टेबलावर टाकलेली नाणी गोळा करताना त्यांची मान खाली जात असे, ते मी लहानपणी पाहिले आहे. माणसाला पुरेसा पगार द्यावा, म्हणजे हा लाचारीचा प्रश्नच उरणार नाही.

हाउसकीपिंगवाला : लाचारी हा शब्द मागे घ्या. त्याच पैशांतून मी मुलीच्या शाळेची फी भरली आहे. पुरेसा पगार कोण देतो, तेही सांगा. आमच्याकडे सेवाशुल्क बिलात लागत होते, पण कंत्राटी मुलांच्या हाती त्यातला रुपयाही पडत नव्हता.

दादरकर : शब्द कठोर होता, तो मागे घेतो. मत मात्र बदललेले नाही.

रूम अटेंडंट (निवृत्त) : टिपेवरून भांडणाऱ्या तुम्हा दोघांनीही आमचे काम मोजलेच नाही. एका पाळीत चौदा खोल्या, प्रत्येक खोलीत गादीचा कोपरा उचलून चादर खोचायची आणि मग गुडघ्यांवर बसून न्हाणीघर घासायचे. त्यात माझी कंबर गेली. गादी उचलणारे यंत्र आमच्या मजल्यावर कोणी आणले नाही. टॉवेल पोहोचवण्याचे हलके काम, ज्यात दोन मिनिटे पाठ सरळ होते आणि पाहुणा दोन शब्द बोलतो, ते मात्र यंत्राला द्यायचे ठरले. माझा राग यंत्रावर नाही, आम्हाला न विचारता झालेल्या या वाटणीवर आहे. लास व्हेगासमध्ये मे २०१८मध्ये सुमारे २५,००० हॉटेल आणि कॅसिनो कामगारांनी मतदान केले आणि त्यांतील ९९ टक्क्यांनी गरज पडल्यास संपावर जाण्यास संमती दिली. नवे तंत्रज्ञान आणण्याआधी सूचना आणि प्रशिक्षण मिळावे, ही त्यांची एक मागणी होती. यंत्र नकोच, असे त्यांनी म्हटले नव्हते.

फ्रंट ऑफिस, पुणे : आधी विचारायला हवे, एवढे मान्य करतो. परंतु प्रत्येक यंत्रासाठी संमती घेत बसलो, तर हॉटेल चालणार नाही.

रूम अटेंडंट (निवृत्त) : प्रत्येक यंत्रासाठी नको. कोणते काम यंत्राला द्यायचे, एवढे ते काम करणाऱ्या बाईला विचारा. मी पहिल्याच दिवशी गादी सांगितली असती.