मदत हवी आहे : झऱ्याचं पाणी वाडीत पाइपने आणायचंय

नमस्कार मंडळी, आमची वाडी अकोले तालुक्यात हरिश्चंद्रगडाच्या बाजूला, पावसाळ्यात भात-नाचणी-वरई आणि नुसतं धो धो पाणी, पण होळी झाली की विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने हंडा भरावा लागतो, आई पहाटे चारलाच नंबर लावून येते. नळयोजनेची टाकी आहे, कोरडी! वर चाळीसेक मीटर उंचीवर बारमाही झरा आहे, मे महिन्यातही तीन मिनिटात बादली भरते. अंतर 900 मीटर, मधे एक घळ. काळा पाइप एक इंची पुरेल का सव्वा? घळीजवळ हवा अडकते म्हणतात, वॉल्व कुठे बसवायचा? जागा वनखात्याची आहे, 2006 च्या वनहक्क कायद्यात कलम 3(2) खाली पाइपलाइनला परवानगी मिळते एवढं कळलंय, ग्रामसभेचा ठराव कुणी केलाय का, नमुना असेल तर टाका प्लीज.