कोटेशन ढीगभर जातात, ऑर्डर चार-पाचच, चुकतंय कुठे?

बॉक्सवाला_भोसरी:
नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत आमचं कोरुगेटेड म्हणजे पुठ्ठ्याच्या बॉक्सचं छोटं युनिट आहे, सेल्सला दोन पोरं आणि प्लँट आमचे मामा बघतात. महिन्याला पन्नासेक कोटेशन जातात, पीओ म्हणजे लेखी ऑर्डरी येतात चार नाहीतर पाच. सेल्सवाल्यांना विचारलं तर म्हणतात आपला रेट जास्त, मामांना विचारलं तर म्हणतात ही पोरं मला न विचारता आठ दिवसांत माल देतो सांगून मोकळी होतात आणि पार्टी माझ्या नावाने ओरडते. सीआरएम म्हणजे एन्क्वायरींची नोंद ठेवायचं सॉफ्टवेअर पण घेतलं, पण भरतं कोण, महिनाअखेरीला बसून सगळ्या कोटेशनपुढे 'निगोशिएशन चालू' टाकतात. रेट अजून खाली आणला तर बॉक्सला लागणाऱ्या क्राफ्ट पेपरचे पैसे पण सुटायचे नाहीत. कुणी यातून गेलंय का?

चाकणची_परचेसवाली:
दादा मी टेबलाच्या पलीकडची, रागावू नका. आम्हाला फाइलला तीन कोटेशन लावावी लागतात, तुमची बरीचशी त्या तिसऱ्या कागदासाठीच मागवलेली असणार 😄 ती ओळखा आणि त्यात जीव घालवू नका. आम्हाला पण दर सोमवारी 'मॅडम काही झालं का' असे फोन येतात, पण खराब बॉक्सचा खरा त्रास असतो स्टोअर आणि पॅकिंग लाइनवाल्यांना, त्यांना कुणी भेटतच नाही. ते माझ्याकडे येऊन म्हणाले ना की हाच बॉक्स पाहिजे, तर मी रेटसाठी फार ताणत नाही. आणि उद्यम सर्टिफिकेट, म्हणजे छोट्या उद्योगाच्या सरकारी नोंदणीचा कागद, कोटेशनसोबतच पाठवा. २०२४ ला इन्कम टॅक्सचा ४३बी(एच) नियम आल्यापासून आमचे अकाउंट्सवाले मायक्रो-स्मॉल उत्पादकांच्या बिलाला जपून असतात, लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५, त्यात पैसे गेले नाहीत आणि वर्ष संपलं तर तो खर्च पैसे देऊ त्या वर्षीच टॅक्सच्या हिशोबात धरता येतो. त्यांच्याशी टर्म्स आधी बोलून घेतल्या की पीओ शेवटच्या टेबलावर अडकत नाही.

सातपूर_पॅकिंग:
ताई बरोबर बोलल्या. आमचा किस्सा सांगतो. एका पार्टीने सात प्लायच्या म्हणजे कागदाच्या सात थरांच्या बॉक्सचा रेट मागितला, आमच्या पोराने दिला, तीनदा डिस्काउंट दिला तरी हलेना. शेवटी प्लँटच्या माणसाला सोबत पाठवला, तो ऑफिसात बसलाच नाही, सरळ गोडाऊनमधे गेला. बघतो तर खालच्या थरातले बॉक्स दबून बसलेले. पावसाळ्यात दमट हवेने बोर्डाची ताकद जातेच, त्यात बॉक्स पॅलेटच्या, म्हणजे खालच्या फळीच्या, बाहेर आलेले, कोपरे हवेत. आता बॉक्सवरचं वजन मुख्यतः कोपरेच पेलतात, तेच लटकत असतील तर प्लाय वाढवून काय होणार? साइज थोडा बदलून पॅलेटवर नीट बसवला, चांगल्या पेपरमधे पाच प्लाय दिला, सात प्लायपेक्षा स्वस्त पडला आणि आठवड्यात पीओ. आमच्या सेल्सला जीएसएम, बीएफ म्हणजे कागदाचं वजन, ताकद सगळं पाठ होतं पण एकावर एक किती थर लावता हे कुणी विचारलंच नव्हतं.

गल्ला_मालक:
सगळं खरं पण छोट्या युनिटात प्लँटचा माणूस रोज बाहेर हिंडला तर मशीन कोण बघणार?

सातपूर_पॅकिंग:
रोज कोण म्हणतंय, मोठ्या दोन-तीन एन्क्वायरींनाच. बाकीसाठी एक पांढरा बोर्ड लावलाय, डिलिव्हरीची तारीख त्यावर फक्त प्लँटवाला लिहितो, सेल्सने तीच सांगायची. आणि हातातून गेलेल्या ऑर्डरपुढे 'रेट' असं एका शब्दात लिहायला बंदी, पार्टीला फोन करून विचारायचं कुणाला दिली आणि का. पहिल्या महिन्यात पोरं वैतागली.

बॉक्सवाला_भोसरी:
धन्यवाद, जुनी फाइल काढून बसलो तर निम्म्या कोटेशनवर बॉक्स वापरणाऱ्या माणसाचं नावच नाही, सगळीकडे परचेसचा नंबर. उद्यापासून बोर्ड लावतो. मामांना पार्टीकडे पाठवायचं मात्र टेन्शन आहे, पॅलेट बघून तिथल्या स्टोअरवाल्यालाच झापतील ते.

चाकणची_परचेसवाली:
पाठवा हो, आमच्या स्टोअरवाल्याला झापणारा कुणीतरी हवाच आहे 😂